म्होरकीचं नाव

दहा नावं मोजून झाली आणि मी कापसाच्या आवाराच्या फाटकासमोर मातीतच बसले. कुंपणाच्या कडेने पोरं धुरातून येत होती, खोकत होती, डोळे चोळत होती, आणि फाटकाबाहेर पाय पडला की मी शिकवलं होतं तसं आपापल्या जोडीदाराचं नाव ओरडत होती. “गणप्या!” “सखी!” “तुक्या!” पाच जोड्या, दहा नावं. मागे कापसाच्या गंज्या पेटल्या होत्या. कापसाची आग लाकडासारखी आवाज करत नाही. ती आतल्या आत चालत येते आणि बाहेर बराच वेळ नुसता पिवळा धूर दिसतो.

“आले व माय सगळे,” मी म्हणाले. कुणाला म्हणाले ते आठवत नाही.

तेवढ्यात गोविंदा समोर येऊन उभा राहिला. आवाराच्या मुनीमाचा हा पोरगा, वय दहा. त्याच्या एका पायात जोडा होता, दुसऱ्यात नव्हता.

“वस्तादमाय, यमुना कुठी हाय?”

“आली असंन ना.”

“तिचं नाव कोणी घेतलं?”

कुणीच घेतलं नव्हतं. घेणार कोण? यमुनेला जोडीदार नव्हता. ती खेळाची म्होरकी होती, अकरावी होती, आणि म्होरक्याला जोडी नसते हा नियम माझाच होता.

ती आत का राहिली हे कळायला आधी खेळ कळला पाहिजे, आणि मी कोण तेही. या दिवाळीच्या पुस्तकाचे संपादक माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्या कामाविषयी लिहा. मी म्हटलं, माझं काम रेच्यावर सरकी काढायचं. रेचा फिरवला की रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. झालं, एवढंच आहे. ते म्हणाले, ते नाही, पोरांना खेळ शिकवायचात ते. त्याला मी कधी काम म्हटलं नाही. त्याबद्दल कुणी काही दिलं नाही आणि मी मागितलं नाही. पण पस्तीस वर्षं केलं, तेव्हा काम म्हणायला हरकत नसावी. माझं शिक्षण पंतोजीकडे तीन वर्षांचं. त्यात जेवढं बसतं तेवढं लिहिते.

माझा बाप अमरावतीत आखाडा चालवायचा. मुलगा नव्हता, म्हणून त्याने मलाच पोरांबरोबर पळवलं, पाडलं आणि उठवलं. लग्न झाल्यावर ते सुटलं. बाप गेला, आणि त्याच्या मागोमाग आखाड्याची जागाही गेली. त्या जागेवर कापूस आला.

ते दिवस कापसाचेच होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस पाहिजे, आणि गावात पाय ठेवायला मोकळी जागा नाही. देवळाच्या ओट्यावर कापूस, वेशीत कापूस. दर्यापूरकडच्या गाड्या आल्या की दोन दोन दिवस रांगेत उभ्या राहायच्या. मोठ्या माणसांना काम मिळालं आणि लहानांची जागा गेली. आया रेच्यावर, बाप गाडीवर नाहीतर हमालीला, आणि पोरं बैलांच्या पायांत. एका पोराच्या पायावरून माझ्यासमोर चाक गेलं. त्या दिवशी मी रेचा थांबवला, होती नव्हती ती पोरं गोळा केली आणि त्यांना आट्यापाट्या शिकवायला घेतल्या. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. नवरा गाड्यांबरोबर आठ महिने बाहेर असायचा, आणि मूलबाळ नव्हतं.

शेजारीण म्हणाली, “सोताचं एक नाई, अन् गावाचे पोट्टे जमवून राहिली.”

“सोताचं नाई म्हणूनच तं सवड हाय,” मी म्हटलं. “तुहा धाडते का?”

तिने दुसऱ्या दिवशी दोन धाडले. पोरं मला वस्तादमाय म्हणायला लागली ती तेव्हापासून. बायांमध्ये ते नाव थट्टेचं होतं. पोरांमध्ये नव्हतं.

आट्यापाट्या सगळ्यांना ठाऊक आहे असं आता धरता येत नाही, म्हणून सांगते. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखतात आणि त्यांच्या मधून एक उभी. उभीला सूरपाटी म्हणतात. प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभा राहतो आणि तो आपली पाटी सोडत नाही. समोरच्यांनी त्याला हूल द्यायची, अंगाला हात लागू द्यायचा नाही, आणि नऊही पाट्या ओलांडून परत यायचं. परत आला त्याने लोण आणलं. ज्याच्या पायात वेग आहे तो तीन-चार पाट्या सहज जातो. पुढच्या पाट्यांना डोकं लागतं. परत येताना दम संपलेला असतो, तेव्हा पोराचा स्वभाव दिसतो.

जागेचा प्रश्न होता. आम्ही बाया ज्या आवारात सरकी काढायचो, तिथे डोकडे रचून ठेवलेले असायचे. डोकडा म्हणजे पायांनी तुडवून गच्च भरलेलं कापसाचं मोठं पोतं. दोन पुरुष उंचीच्या गंज्या, मधून गाडी जाईल एवढी एक लांब गल्ली, आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या नऊ आडव्या गल्ल्या, त्या कुंपणापर्यंत जाऊन उघडायच्या. मी पाहिलं आणि हसले. देवानेच आट्यापाट्या आखून ठेवल्या होत्या. मुनीमाला विचारलं. तो म्हणाला, “खेया, पण खेयून झाल्यावर गल्लीतली सांडलेली रुई वेचून द्या.” पोरं रोज टोपलीभर रुई वेचायची. मुनीम खूश, मी खूश. कापसात पोरं खेळवणं ही चूक आहे असं मला वाटलं नाही, इतर कुणालाही वाटलं नाही. आम्ही सगळे त्या दिवसांत कापसातच राहत होतो, खात होतो आणि निजत होतो.

मी पोरांना शहाणपणाच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. मला त्या येत नाहीत. मी नियम करायची. पहिला नियम असा, की हात लागला की नाही हे पंचाने सांगायचं नाही, ज्याला हात लागला त्यानेच सांगायचं.

दर्यापूरकडून भगवान नावाचा पोरगा बापाच्या गाडीबरोबर यायचा आणि हंगामभर आईबरोबर इथे राहायचा. हरणासारखा पळायचा आणि तोंड उघडलं की खोटं बोलायचा. “लागला नाई, हवेतच गेला.” तीन महिने हेच. मी भांडले नाही. हात लागलेल्या जागी चुन्याचं बोट उमटावं म्हणून अडवणाऱ्यांचे हात चुन्यात बुडवले, आणि संध्याकाळी त्याच्याच आईसमोर त्याला उभा केला. सदरा पाठीवर पांढराफटक. त्यानंतर बडनेऱ्याच्या पोरांशी सामना झाला. दोन्हीकडची माणसं ओरडत होती. भगवान शेवटचं लोण घेऊन आला, आम्ही जिंकलो, आमच्या लोकांनी त्याला उचलायला हात घातला, आणि तो मान खाली घालून म्हणाला, “मले पाचवीतच शिवलं होतं.”

आम्ही हरलो. त्याचा बाप माझ्यावर आला.

“वस्तादीणबाई, पोट्ट्याले हारायले शिकवून राहिल्या का तुमी?”

“खरं बोलायले शिकवून राहिले.”

“ते आमी घरी शिकवू. तुमी जिकायले शिकवा.”

“घरी शिकवलं असतं तं मले तीन महिने काहून लागले असते, भाऊ?”

तो पाय आपटत गेला. पुढच्या वर्षी त्याने भगवानला शेतावर ठेवलं आणि त्याचे दोन धाकटे भाऊ, शंकर आणि महादू, माझ्याकडे सोडून गेला. सोडताना माझ्याशी बोलला नाही.

असे लोक पुष्कळ भेटले. एक बाई रोज यायची. “माह्या पोट्ट्याले म्होरक्या करा. रोज शेरभर दूध पेते तो.”

“मंग म्हशीलेच म्होरकी करते ना,” मी म्हटलं. ती पुन्हा आली नाही. पोरगा मात्र येत राहिला, आणि चांगला निघाला.

एक गोष्ट माझ्याकडून झाली नाही, तीही लिहिते. या खेळात एकमेकांच्या अंगाला हात लागतो. माळ्याची पोरं, कुणब्यांची, हमालांची, सगळी एकमेकांना शिवायची, आणि ज्याला चालत नाही त्याने घरी बसावं असं मी तोंडावर सांगायची. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोरं दूर उभी राहून खेळ पाहायची, आणि त्यांना मी आत ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आवार बंद झालं असतं, ही सबब मी स्वतःला देत होते. हिंमत नव्हती, हे खरं कारण.

दुसरा नियम जोडीचा. प्रत्येकाला एक जोडीदार. वेगवान पोराबरोबर हळू पोर, थोरल्याबरोबर धाकटं. खेळ संपून फाटकाबाहेर आलं की स्वतःचं नाव सांगायचं नाही, जोडीदाराचं ओरडायचं, आणि तो बाहेर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओरडायचं नाही. त्याने काय होतं, तर पोराला मागे वळून पाहायची सवय लागते. एवढी एक सवय लागली तरी पुरे, असं मला अजून वाटतं.

गोविंदाला ती सवय लावताना मी थकले. मुनीमाचा पोरगा, पहिल्या दिवशी जोडे घालून आला आणि हमालाच्या पोराला म्हणाला, “ए, पानी आन.” पोरं त्याला नवाब म्हणायला लागली. मी त्याची जोडी त्याच हमालाच्या पोराशी, तुक्याशी, लावली. तुक्या सगळ्यांत हळू. गोविंदा एकटाच पळून बाहेर यायचा आणि मागे न पाहता “तुक्या!” म्हणून ओरडायचा. मी त्याला परत आत धाडायची. त्याची हुकूम करायची खोड मोडायची असं मी मनात धरलं होतं. नियम केला, ज्याला हुकूम करशील त्याचं काम तू करायचं. महिनाभर त्याने दुसऱ्यांच्या वाट्याची रुई वेचली. मग हुकूम थांबले. मला वाटलं, पोरगा सुधारला. म्होरक्या व्हायचं मात्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही. यमुना काय करते, कुठे उभी राहते, कुणाला काय सांगते, यावर त्याची सारखी नजर. मला त्या नजरेचा राग यायचा.

यमुना माझ्या शेजारच्या रेच्यावर बसणाऱ्या बाईची मुलगी. अकरा वर्षांची. लग्न झालेलं होतं, सासर अकोल्याचं, आणि हंगाम संपला की तिला धाडायची असं ठरलेलं. पळण्यात ती मधली होती, हूल देण्यातही मधलीच. मग तिला म्होरकी का केली, असं बायाही विचारायच्या. एके दिवशी मी एका पोराला उशीर झाला म्हणून फटकारून पाटीवर उभं केलं. ही पुढे आली आणि म्हणाली, “वस्तादमाय, तुमी चुकून राहिल्या. त्याचे डोये पाहा. त्याले ताप हाय.” हात लावून पाहिला, अंग तापलेलं होतं. मला खोटं पाडायला जी भीत नाही ती इतरांना काय भिणार? आणि तिने ते मला हिणवायला केलं नव्हतं, पोराकडे पाहून केलं होतं. त्याच दिवशी मी तिला सूरपाटी दिली.

म्होरकीची जागा सूरपाटीवर, म्हणजे मधल्या लांब गल्लीत. तिथून सगळे दिसतात. तिथूनच ती कुणाला कुठून जायचं ते सांगायची. माझा तिसरा नियम असा होता, की म्होरक्याने सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचं. अकरा पोरं, पाच जोड्या, एक उरलं ते म्होरकं. हिशेब मला फार सुबक वाटला होता.

तेव्हाच यमुनेने विचारलं होतं, “मंग माहं नाव कोण घेईन?”

मी म्हटलं, “म्होरक्याचं नाव घ्या लागत नाई. म्होरक्यानं दुसऱ्यायचं पाहावं.”

“अन् मी पडली तं?”

“पडतं काहून?”

पोरं हसली, तीही हसली. मीही हसले. चाळीस वर्षांवर झाली, ते हसणं मला अजून ऐकू येतं.

आता त्या दिवसाचं. माघ महिना, तिसरा प्रहर. त्या दिवशी सकाळी जास्तीच्या गाड्या आल्या होत्या. डोकडे ठेवायला जागा नव्हती, म्हणून मुनीमाने सातव्या गल्लीचं एका बाजूचं कुंपणाकडचं तोंड एका रांगेने बंद करून टाकलं. दीड पुरुष उंच, एका डोकड्याच्या जाडीची रांग. हे त्याने मला सांगितलं नाही, त्याला सांगायचं कारणही नव्हतं. पोरं खेळायला गेली. मी रेच्यावर होते, हातातलं संपवून येते म्हणाले होते. आग मधल्या गल्लीत लागली. कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांच्या हातात चिलीम असायची ते सगळे त्या दिवशी दुसरीकडे कुठेतरी होते असं त्यांनी सांगितलं.

मधली गल्ली पेटली म्हणजे ती ओलांडता येत नव्हती, आणि बाहेर पडायला आपापल्या बाजूच्या आडव्या गल्ल्याच उरल्या. पोरांनी तेच केलं. जी ज्या पाटीवर होती ती त्याच गल्लीने कुंपणाकडे पळाली आणि कुंपणाच्या कडेने फाटकावर आली. नावं ओरडली. मी दहा मोजली.

इथपर्यंत आधी लिहिलंच आहे.

“सखे,” मी त्या सहा वर्षांच्या पोरीला धरलं. सखी आणि तिच्याहून थोडा मोठा गणप्या, ही जोडी मिळून सातव्या पाटीवर असायची. “यमुना कुठी पाह्यली?”

“आमच्यासंग.”

“कुठी तुमच्यासंग?”

“गल्लीत. रस्ता बंद होता. तिनं आमाले पाठीवर उभं केलं अन् वर ढकललं. आमी तिकून पडलो.”

“अन् ती?”

“तिले कोण ढकलन?”

तिला आधीच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही. बाहेर आलं की जोडीदाराचं नाव सांगायचं, एवढंच मी शिकवलं होतं. तिने गणप्याचं नाव सांगितलं होतं.

“सातवी,” गोविंदा म्हणाला. “बाबानं सकायीच बंद केली. एकच थर हाय.” आणि तो पळाला. मी त्याच्या मागे.

आठ हमाल पुढच्या बाजूने न पेटलेला कापूस ओढून बाहेर फेकत होते. मुनीम त्यांच्यावर ओरडत होता, घसा बसेपर्यंत. मी त्याच्या समोर जाऊन सांगितलं, सातव्या गल्लीत पोर आहे, मागची रांग ओढायला माणसं द्या. त्याने ऐकलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. पण तो म्हणाला, “ती रांग वढली तं वारा आत शिरन. मागचं सारं पेटन, बाई.” खरंच होतं. वारा कुंपणाकडूनच होता. ती रांग होती म्हणून मागच्या गंज्या अजून शाबूत होत्या.

हमाल थांबून आमच्या दोघांकडे पाहत होते. मी कोण? रेच्यावरची बाई. त्यांनी मला विचारलंच नाही.

तेव्हा गोविंदा बोलला. तो ओरडला नाही. थेट त्याच्या बापाचा आवाज, बापाची मान, बापाचं बोट. “काय पाहून राहिले? सगळे माह्या मागं. सातवीचा थर वढा. मी सांगून राहिलो ना!”

ज्या आवाजासाठी मी त्याला महिनाभर दुसऱ्यांची रुई वेचायला लावली, तोच हा आवाज. त्याच्या आजोबाच्या वयाची माणसं त्या आवाजावर हलली. तुक्याचा बाप पहिला पळाला. मुनीमाने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने नको म्हटलं असतं तर हमाल थांबले असते. त्याने म्हटलं नाही. एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते.

कुंपणाच्या आणि गंजीच्या मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी वाट होती. हमालांनी खालचा डोकडा ओढला तर वरचे आत कोसळतील आणि पोरीवर पडतील, म्हणून वरून सुरुवात करावी लागली. एक, दोन. गोविंदा कुणी कुठे हात घालायचा ते सांगत होता, आणि ते बरोबर सांगत होता, कारण सकाळी रचताना तो तिथेच उभा होता. “तुक्याच्या बाबा, तो नोको, तो फसला हाय, बाजूचा वढा.” मी आत हाक मारत होते. आतून काही येत नव्हतं. तिसरा निघाला तशी धुराची लाट बाहेर आली आणि मागून वारा आत गेला. आतला जाळ एकदम उभा राहिला. तुक्याचा बाप पोटावर पडला, कमरेपर्यंत आत गेला, आणि आम्ही त्याला पायांनी ओढून काढला. त्याच्या हातात यमुनेचा पाय होता.

ती जमिनीला तोंड लावून पडली होती म्हणून थोडीफार हवा मिळाली असावी. केस जळाले होते. डाव्या हाताचं कातडं कोपरापर्यंत गेलं होतं. कुणीतरी म्हणालं, गेली. मी तिच्या नाकाशी गाल नेला तर काही कळेना, माझाच श्वास मध्ये येत होता. तुक्याच्या बापाने तिला खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत तसाच पळाला.

वैद्याने जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटून लावली आणि सांगितलं, आठ दिवस जगली तर जगेल. आठ दिवस ती बोलली नाही. दहा पोरं तिच्या अंगणात येऊन बसायची. मी त्यांना खेळायला घेऊन जाते म्हटलं तर उठायची नाहीत. तिची आई माझ्याशी बोलत नव्हती, आणि ते बरोबर होतं. मी रोज जायची, पाण्याचा हंडा भरून ठेवायची आणि परत यायची.

नवव्या दिवशी यमुनेने माझ्याकडे पाहिलं. आवाज घोगरा झाला होता.

“वस्तादमाय, आमी अकरा होतो.”

“हो,” मी म्हटलं.

फाल्गुनात अकोल्याहून तिची सासू आली. कुणीतरी तिला कळवलं होतं, की सून जळाली, हात वाकडा राहिला, दुसरी पाहा. मोठी धिप्पाड बाई, घाम पुसत आत आली आणि पोरीचा हात उलटासुलटा करून पाहिला.

“हा असाच राहीन?”

“असाच राहीन,” यमुनेची आई रडत म्हणाली.

“उजवा?”

“उजवा धड हाय.”

मग ती मला म्हणाली, “तुमीच का त्या खेय शिकवनाऱ्या? काय झालं ते तुमी सांगा. रडल्याबिगर सांगा.”

मी सांगितलं. सखी आणि गणप्याला समोर उभं केलं. आग मी तिखटमीठ न लावता सांगितली, माझी चूकही सांगितली. सासूने सगळं ऐकून घेतलं, गणप्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि म्हणाली, “माह्या घरात पाच लेकरं हाईत, अन् परसात इहीर उघडी हाय. मले अशीच पाहिजे. कधी धाडता?”

कापसाची भरपाई कुणी केली मला ठाऊक नाही. मुनीमाची नोकरी मात्र गेली, आणि होळीच्या आधीच ते घर उठून गेलं. कुठे गेलं, कुणी म्हणे खानदेशात. यमुनेनंतर गोविंदाला म्होरक्या करायचं मी ठरवलं होतं. त्याला सांगायचं राहून गेलं. शाबास म्हणायचंही राहून गेलं. त्या दिवशी मी त्याला फक्त एवढंच म्हटलं होतं, की दुसरा जोडा शोध, पाय भाजेल.

त्यानंतर मी उघड्या मैदानाशिवाय पोरं खेळवली नाहीत. दोन वर्षं मैदान मिळालं नाही, तर दोन वर्षं खेळवली नाहीत. मग लढाई संपली, भाव पडले, आणि जागा आपोआप मोकळ्या झाल्या. नियम तेच ठेवले, एकाची भर घातली. जोड्यांची नावं संपली की सगळ्यांनी मिळून म्होरक्याचं नाव घ्यायचं, आणि तो समोर दिसेपर्यंत घेत राहायचं. पुढे एकदा मी अकोल्याला गेले तेव्हा यमुनेच्या घरामागच्या पडीक जागेत पोरं आट्यापाट्या खेळत होती. ती वाकडा हात कमरेवर ठेवून कडेला उभी होती आणि एका पोराला सांगत होती, “पाहून ओरड, लेका. न पाहता ओरडलास तं परत जाशीन.” मला पाहून म्हणाली, “बसा वस्तादमाय. चूक काढू नोका, तुमचंच हाय.” मी बसले. एक-दोन चुका दिसल्या, त्या काढल्या.

अमरावतीतलं ते आवार आता नाही. त्या दिवशी तिथला कापूस सगळा जळाला, आणि गाडीला बांधलेला एक बैल. गल्ल्यांमध्ये अकरा पोरं होती. सखी, गणप्या, तुक्या, गोविंदा, शंकर, महादू, रुक्मी, जनी, बळ्या, किसन, आणि म्होरकी यमुना. अकराही जगली.